अप्रेंटिसला लागताना: सांगली-साताऱ्याच्या मुलामुलींसाठी

आयटीआयचा निकाल लागला की कुपवाड एमआयडीसीत आमच्या गेटवर फायली घेतलेली पोरं दिसायला लागतात. प्लास्टिकच्या फोल्डरात दहावीचं मार्कशीट, आयटीआयचा दाखला, आधारची झेरॉक्स. बरोबर बहुतेक वेळा वडील असतात, नाहीतर गावचा कुणी ओळखीचा. वडिलांचा पहिला प्रश्न, "पर्मनंट होईल का?" पोराचा पहिला प्रश्न, "किती मिळतील?" चुकीचं काहीच नाही त्यात. पण त्याआधी विचारायचे दोन प्रश्न आहेत आणि ते कुणीच विचारत नाही. माझा करार सरकारी पोर्टलवर नोंदणार का? आणि मला कोणतं मशीन देणार?

मी फिटर ट्रेडचा, शिकाऊ उमेदवारीतूनच आलेला. आता टूलरूम बघतो. दरवर्षी चार-पाच अप्रेंटिस माझ्या हाताखालून जातात, त्यामुळे कुठं पाय घसरतो ते रोज दिसतं.

आधी कागद ओळखा

अप्रेंटिसशिप, मराठीत शिकाऊ उमेदवारी, म्हणजे १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाखाली केलेला करार. एका बाजूला मालक, दुसऱ्या बाजूला तुम्ही. वय अठराच्या आत असेल तर तुमच्या वतीनं पालक सही करतात. किमान वय १४, धोक्याच्या कामांना १८. ज्या आस्थापनेत ३० किंवा जास्त माणसं आहेत तिला अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे. एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के, आणि त्यात ठेकेदाराची माणसंही मोजायची. ४ ते २९ माणसांच्या शेडला मुभा आहे, सक्ती नाही. म्हणजे कुपवाड-मिरजेच्या छोट्या वर्कशॉपचा मालक "आम्हाला नाही घेता येत" म्हणाला, तर बहुतेक वेळा त्याला ते ठाऊकच नसतं. घेता येतात.

आता घोळ कुठं होतो? एकाच गेटमधून चार प्रकारची पोरं आत जातात. एक कायद्याखालचा अप्रेंटिस. दुसरा कंपनीचा स्वतःचा "ट्रेनी". तिसरा ठेकेदाराच्या हजेरीवरचा हेल्पर, त्यालाही घरी ट्रेनीच म्हणतात. चौथा २०२४ पासूनच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतला. त्या योजनेत बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,००० आणि पदवीला १०,००० असं ठरलं होतं. पैसे बरे, पण ती शिकाऊ उमेदवारी नव्हे. तिच्यावर ट्रेडची परीक्षा देता येत नाही. चौघांचे गणवेश कधीकधी एकाच रंगाचे असतात. वर्षअखेरीस राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मात्र फक्त पहिल्याला मिळतं.

हे मी अंगावर काढलेलं आहे. आयटीआय झाल्यावर मी एका वर्कशॉपमध्ये अप्रेंटिस म्हणून लागलो. अकरा महिने राबलो. काम शिकलो हे खरं, खोटं का बोला. परीक्षेचा फॉर्म भरायला गेलो तर तिथल्या रजिस्टरात माझं नावच नाही. मालकानं करार पाठवलाच नव्हता. "राहून गेलं बघ," एवढंच म्हणाला. दुसऱ्या ठिकाणी पहिल्या दिवसापासून परत सुरुवात. घरी सांगायला चार दिवस लागले.

आज हे सगळं पोर्टलवर दिसतं, त्यामुळे फसायचं कारण नाही. करार तयार झाला की त्याला क्रमांक पडतो आणि तो तुमच्या लॉगिनमध्ये उघडतो. कामावर रुजू झाल्यावर महिन्याभरात तो दिसला नाही तर एचआरला विचारा. दोनदा विचारून उत्तर आलं नाही तर आपल्या आयटीआयमधल्या शिकाऊ उमेदवारीच्या केंद्रात जा. त्याचं सरकारी नाव मूलभूत प्रशिक्षण तथा आनुषंगिक सूचना केंद्र असं लांबलचक आहे. सगळे त्याला बीटीआरआय म्हणतात.

नोंदणी: एका संध्याकाळचं काम, कागद जुळत असतील तर

आयटीआय, दहावी, बारावीवाल्यांनी अप्रेंटिसशिप इंडिया या केंद्र सरकारच्या पोर्टलवर नाव नोंदवायचं. डिप्लोमा आणि पदवीवाल्यांसाठी वेगळं पोर्टल आहे, नॅट्स नावाचं. आपल्या भागाचं त्याचं काम मुंबईच्या पश्चिम विभागीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळाकडं आहे. मिरजेच्या किंवा कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून, सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडलेल्यांनी तिकडं जायचं. तिथं एक अट लक्षात ठेवा: वर्षभर किंवा जास्त नोकरीचा अनुभव झाला की दार बंद. "आधी इकडंतिकडं बघतो, मग अप्रेंटिस करतो" हा क्रम उलटा पडतो.

नोंदणीत माणूस अडतो तो नावावर. आधारवर मधलं नाव आहे, मार्कशीटवर आडनाव आधी. एकाच आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग दाखल्यावर एक, बँकेत दुसरं. जन्मतारीख आधारवर नुसती १ जानेवारी. आधारची पडताळणी झाल्याशिवाय पुढं सरकत नाही, म्हणून निकालाची वाट न बघता हे आधीच जुळवून घ्या. मोबाइल नंबर आधारला जोडलेला हवा आणि तो तुमचाच हवा. मामाचा नंबर दिलेला एक पोरगा ओटीपी मागायला रोज तासगावला फोन लावायचा.

बँक खातं आधारशी संलग्न असणं यापुढच्या पैशासाठी फार महत्त्वाचं. बँकेत जाऊन नीट शब्दांत विचारा: "सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी माझं आधार या खात्याला जोडलंय का?" नुसतं केवायसी झालंय म्हणजे हे झालंय असं नाही.

प्रोफाइलमध्ये ट्रेड, जिल्हा नीट भरा. मग आस्थापनांनी टाकलेल्या जागा दिसतात, त्यांना अर्ज करायचा. कंपनीनं निवडलं की ऑफर येते, ती तुम्ही स्वीकारायची, मग करार. पण खरं सांगू? नुसत्या पोर्टलवर बसून आमच्या भागात कमी पोरं लागतात. पोर्टल हा कागद आहे, जागा पायानं शोधायची असते. या कशालाही फी नसते. "भरून देतो, जागा लावून देतो, पाच हजार दे" म्हणणारा माणूस सेतूच्या बाहेरच भेटतो. त्याला चहा पाजून निरोप द्या.

कुठं बघायचं

सर्वांत सोपं म्हणजे दर महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी भरणारा प्रधानमंत्री राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी मेळावा. आपल्या आयटीआयच्या नोटीस बोर्डावर ठिकाण लागतं. चार कंपन्यांची माणसं एकाच हॉलमध्ये भेटतात. फोल्डरचे पाच संच घेऊन जा.

या दोन जिल्ह्यांत पोरांना कारखान्यात शिकवायची रीत जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली, तिथं नांगर आणि पंपांबरोबर कारागीरही घडले. साताऱ्यात कूपरांचा कारखाना उभा राहिला, त्याच्या उभारणीत कर्मवीर भाऊराव पाटलांचा हात होता. त्याआधी ते किर्लोस्करांचे नांगर विकत फिरायचे. "कमवा आणि शिका" ज्यांच्या नावाशी जोडलंय त्या माणसाला वर्कशॉपचा वास माहीत होता, हे मला नेहमी बरं वाटतं.

आजचा नकाशा असा. सांगलीकडं कुपवाड, मिरज, पलूस. सातारा जिल्ह्यात सातारा एमआयडीसी, शिरवळ-केसुर्डीचा पट्टा, लोणंद, आणि फलटणजवळचा कमिन्सचा मोठा प्रकल्प. शिरवळ पुण्याला जवळ, तिथं गर्दी जास्त. फाउंड्री ट्रेडकडं पोरं पाठ फिरवतात, उष्णता आणि धुळीमुळं. म्हणूनच तिथं जागा राहतात आणि ज्याला साचा, कोअर, वाळूतली ओल कळायला लागली त्याला कास्टिंगचा कारखाना सोडत नाही.

साखर कारखाने लोक विसरतात. कुंडल, वांगी, साखराळे, सांगलीचा वसंतदादा, पलीकडं कराड-सातारा भाग. फिटर, टर्नर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, सगळे ट्रेड तिथं लागतात. हंगामात मात्र तुम्हाला फक्त धावपळ दिसते. खरं शिक्षण गाळप संपल्यावर, उन्हाळ्यात. मिल उघडते, रोलर बाहेर येतात, पंप-टर्बाइन मोकळे होतात. ज्या पोरानं बंद हंगामातली एक दुरुस्ती मन लावून केली, त्याला बेअरिंग काढणं-बसवणं आयुष्यभर पुरतं. म्हणून कारखान्यात लागणार असाल तर तुमच्या वर्षात हे महिने येतील असं बघा.

सरकारी बाजूला एसटीच्या विभागीय कार्यशाळा, महावितरणची मंडल कार्यालयं आणि रेल्वे. एसटीत मोटार मेकॅनिक, डिझेल मेकॅनिक, शीट मेटल. महावितरणमध्ये वायरमन, इलेक्ट्रिशियन आणि कोपा, म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटरचा ट्रेड. मिरज जंक्शन मध्य रेल्वेच्या पुणे विभागात येतं, त्यामुळं मध्य रेल्वेच्या जाहिरातीत पुणे विभाग बघायचा. तिथं परीक्षा नसते, दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर यादी लागते. रेल्वेच्या लेव्हल १, म्हणजे सर्वांत खालच्या श्रेणीच्या भरतीत रेल्वेतच अप्रेंटिस पूर्ण केलेल्यांना २० टक्के जागा राखीव आहेत. नोकरीची हमी नव्हे, पण रांग छोटी होते.

आयटीआय नाही, नुसती दहावी-बारावी झालीय? त्यांनाही घेतात. फक्त कालावधी वाढतो आणि आधी मूलभूत प्रशिक्षण असतं. याशिवाय "वैकल्पिक" व्यवसाय आहेत, सहा महिने ते तीन वर्षांचे, दुकान-शोरूम, गोदाम, हॉटेल यांचेही. पदवीधरांना बँका घेतात. स्टेट बँक महिना १५,००० देते, परीक्षा असते आणि मराठी यावी लागते.

मुलाखत

दहा मिनिटांची असते. व्हर्नियरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर वाचता येणारं सर्वांत लहान माप किती, मायक्रोमीटरचा किती, झिरो एरर कसा बघतात. फाइल कोणती कशाला. वेल्डरला अर्थिंग आणि चष्मा, इलेक्ट्रिशियनला एमसीबी आणि फ्यूजमधला फरक. ०.०२ आणि ०.०१ ही उत्तरं पाठ असतात सगळ्यांची. मी पुढं व्हर्नियर ठेवतो आणि म्हणतो, "या बोल्टचं माप सांग." दहातली सहा पोरं जबडा तिरका लावतात. आयटीआयमध्ये असतानाच हात बसवा, एवढंच.

शेवटी "काही विचारायचंय?" असं म्हटलं की मान हलवू नका. विचारा:

करार नोंदणार का, आणि कधी?
पहिले तीन महिने कोणत्या विभागात, नंतर कुठं?
शिकवायला कोण असेल?
रात्रपाळी आहे का?

शेवटचा प्रश्न मुलींच्या आयांसाठी लिहितोय. नियमानुसार शिकाऊ उमेदवाराला रात्री दहा ते सकाळी सहा कामाला लावायला शिकाऊ उमेदवारी सल्लागाराची, म्हणजे या कायद्याखालच्या सरकारी अधिकाऱ्याची, मंजुरी लागते. बस गेटपर्यंत येते का, स्वच्छतागृह शॉपमध्ये आहे की ऑफिसच्या पलीकडं, हे आईनं विचारलं तर एचआरला राग येत नाही. आला तर ती माहितीच झाली.

दोन ठिकाणी निवड झाली तर? मोठं नाव आणि आठशे रुपये जास्त, पण वर्षभर असेंब्ली लाइनवर चार नट आवळायचे. किंवा तीस माणसांची शेड, पण लेथ, मिलिंग, ग्राइंडिंग तिन्हीवर हात. मी दुसरं सांगतो. घरचे पहिलं सांगतात. लग्नाच्या बायोडाट्यात मोठं नाव बरं दिसतं, हे मान्य.

पैसे

विद्यावेतन म्हणतात त्याला, पगार नव्हे. २०१९ च्या नियमांनी किमान रकमा ठरवल्या: पाचवी ते नववी शिकलेल्याला ५,०००, दहावीला ६,०००, बारावी किंवा आयटीआयला ७,०००, डिप्लोमाला ८,०००, पदवीला ९,०००. दुसऱ्या वर्षी १० टक्के वाढ, तिसऱ्या वर्षी आणखी १५ टक्के. या रकमा ३६ टक्क्यांनी वाढवाव्यात अशी शिफारस केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेनं २०२५ मध्ये केली. तुमचा आकडा म्हणजे करारावर छापलेला आकडा. किमानपेक्षा जास्त द्यायला मालकाला कुणी अडवत नाही.

दरवर्षी पहिल्या महिन्यात एक पोरगं तोंड पाडून येतं: "सर, पैसे कमी आले." हिशोब असा. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के, पण जास्तीत जास्त १,५०० रुपये, सरकार थेट तुमच्या खात्यात टाकतं. ७,००० असतील तर कंपनीकडून ५,५०० येतात आणि उरलेले १,५०० वेगळे, बहुधा उशिरा. खातं आधारला जोडलेलं नसेल तर ते येतच नाहीत. कंपनीचा हिस्सा पुढच्या महिन्याच्या दहा तारखेच्या आत यायला हवा.

पीएफ, ईएसआय कापलं जात नाही, कारण कायद्यानं तुम्ही कामगार नाही, शिकाऊ आहात. याच कारणानं नगावर पैसे देता येत नाहीत, उत्पादन बोनसमध्ये ओढता येत नाही आणि सल्लागाराच्या मंजुरीशिवाय ओव्हरटाइम लावता येत नाही. इजा झाली तर नुकसानभरपाईची जबाबदारी मालकाची. कारखान्यातले सुरक्षेचे नियम तुम्हालाही लागू. बूट आणि चष्मा पहिल्या दिवशी मागून घ्या.

जत, कवठे महांकाळकडून येणाऱ्यांनी खोलीचा विचार करण्याआधी एसटीच्या मासिक पासचा हिशोब करा. वीस दिवसांच्या भाड्यात तीस दिवसांचा प्रवास होतो. सात हजारांत खोली, खानावळ आणि मोबाइल बसवताना घरूनच पैसे मागवायची वेळ येते, आणि तिथूनच "सोडून देतो" सुरू होतं.

आत गेल्यावर

पहिला महिना झाडू, ट्रे, बर (नगाच्या कडेला राहिलेली धातूची कूस) काढणं. यात अपमान नाही, पण तीन महिने झाले तरी तेच असेल तर बोला.

गेल्या साली आमच्याकडं पलूसकडचा एक टर्नर होता. सीएनसीवर शाफ्ट चालू होते, ईएन-८ पोलादाचा बार, व्यास २५ मिमी, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) एच ७. म्हणजे वरचं माप २५.०००, खालचं २४.९७९. एकवीस मायक्रॉनची जागा, केसाच्या जाडीपेक्षा कमी. पोरानं पहिला नग मोजला, २५.०४ आला. २४.९९ वर आणायचा होता, म्हणजे टूलच्या वेअर ऑफसेटमध्ये, मशीनला माप दुरुस्त करायला सांगतात त्या रकान्यात, उणे ०.०५ भरायचं. त्यानं भरलं उणे ०.५. सायकल स्टार्ट. चिपचा आवाज बदलला तेव्हाच शेजारच्या मशीनवरच्या मामांनी मान वळवली. नग निघाला २४.५४ चा. भंगार.

मी माझ्या टेबलावर होतो, मला काही दिसलं नव्हतं. पोरगं स्वतः नग हातात घेऊन आलं. "सर, पॉइंटनंतरचं शून्य खाल्लं मी." मामांनी त्याला त्या दिवशी दुसरी शिक्षा काही केली नाही. डायरीत लिहायला लावलं: माप किती होतं, किती हवं होतं, काय भरलं, काय भरायला हवं होतं. त्यानंतर आकडा भरला की एंटरच्या आधी तो मोठ्यानं वाचायचा. सगळा शॉप हसायचा. महिन्याभरात आणखी दोघं मोठ्यानं वाचायला लागले.

ती डायरी, तेच सांगायचं होतं. रोज नोंद ठेवणं ही अप्रेंटिसचीच जबाबदारी असते, आणि बहुतेक पोरं ती महिन्याच्या शेवटी एका रात्रीत, एकाच पेनानं भरतात. "लेथवर काम केले. लेथवर काम केले." परीक्षकाला ते लगेच कळतं. चार ओळी पुरेत: जॉब काय, धातू कोणता, माप आणि टॉलरन्स किती, काय चुकलं. चित्र काढता आलं तर काढा.

बिनसलं तर

मशीन देत नाहीत, पॅकिंगलाच ठेवतात, ठेकेदाराच्या हजेरीवर सही करायला लावतात. आधी सुपरवायझर, मग एचआर, तोंडी नाही तर ईमेलवर किंवा अर्जाची पोच घेऊन. तरी हललं नाही तर बीटीआरआय केंद्रात सहाय्यक शिकाऊ उमेदवारी सल्लागारांकडं लेखी अर्ज, करार क्रमांकासह.

रागानं घरी बसू नका. हे मी मुद्दाम सांगतोय. करार मालकाच्या चुकीनं मोडला तर त्यानं तीन महिन्यांच्या विद्यावेतनाइतकी भरपाई द्यायची असते. तुमच्या चुकीनं मोडला तर तेवढीच रक्कम तुमच्याकडून मागता येते. दिवाळीला गावी गेला आणि परत आलाच नाही, अशा पोरांच्या घरी पत्र जातं तेव्हा बापाला धक्का बसतो. सोडायचंच असेल तर अर्ज देऊन, करार पोर्टलवर रीतसर बंद करून सोडा. नाहीतर दुसरीकडं करार करताना जुना आडवा येतो.

वर्ष संपताना

निर्दिष्ट ट्रेडला, म्हणजे फिटर-टर्नरसारख्या सरकारनं ठरवून दिलेल्या ट्रेडला, शेवटी अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा असते. लेखी भाग संगणकावर, मग प्रात्यक्षिक. हजेरी कमी पडली तर बसू देत नाहीत, म्हणून लग्नसराईतल्या सुट्ट्या मोजून घ्या. प्रमाणपत्र पोर्टलवरून उतरवून घ्यायचं. नावात चूक असेल तर त्याच आठवड्यात दुरुस्तीला द्या, भरतीची जाहिरात आल्यावर नाही.

करारातच तशी अट नसेल तर नोकरी देणं मालकाला बंधनकारक नाही. म्हणून दहावा महिना लागला की स्वतःहून विचारा, "जागा निघणार आहे का?" होकार असेल तर उत्तम. नसेल तर दोन महिने हातात आहेत, आणि आमच्यासारख्या लोकांचे फोन नंबरही. कुपवाडमध्ये सुपरवायझर एकमेकांना ओळखतात. "पोरगं कसं आहे?" हा फोन मला महिन्यातून दोनदा येतो.

शेवटच्या दिवशी अनुभवाचं पत्र मागा आणि त्यावर कोणकोणती मशीन चालवली ते लिहून घ्या, नुसतं "समाधानकारक" नको. डायरी जमा करायला सांगतात, तिची आधी पूर्ण झेरॉक्स काढा. आमच्या त्या टर्नरनं दुसऱ्या कंपनीच्या मुलाखतीत झेरॉक्सचं तेच पान उघडलं म्हणे, ०.५ आणि ०.०५ वालं. समोरच्या साहेबांनी विचारलं, "हे दाखवायला आणलंस?"

"हो सर. यानंतर एकही नग गेला नाही."

पुढच्या सोमवारी रुजू झाला.